गुंड एक, देणारे तीन

मागच्या महिन्यात चंद्रपूरला एका लग्नाला गेलो होतो. स्टेजच्या पायऱ्यांशी एक स्टँड उभा केला होता आणि त्यावर काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा तो कागद चिकटवला होता. पाहुणे येत होते, फोन पुढे धरत होते आणि नवरदेवाच्या मावसभावाच्या खिशात टुण्ण वाजत होतं. झाला आहेर. कोणी दिला, कुठून आला, नवरीचा कोण लागतो, काही नाही.

हिशोबाच्या बाजूने पाहिलं तर यात खोट काढता येत नाही. मी स्वतः हिशोबाचा माणूस आहे. गावच्या सोसायटीत पीककर्जाचे आकडे लिहिण्यात माझे केस पांढरे झाले. पैसा जागच्या जागी पोचतो, मध्ये गळत नाही, हे चांगलंच आहे. तरी मी त्या स्टँडपाशी उभा राहून वर झाडाकडे, खांबाकडे पाहत होतो.

बायको म्हणाली, "काय शोधून राह्यले?"

"भोंगा," मी म्हटलं.

तिला लगेच कळलं. गावातल्या कोणालाही कळलं असतं. भोंगा म्हणजे डोमाभाऊ शेंड्यांचा भोंगा. डोमाभाऊ जाऊन आता दोन पावसाळे झाले.

आमचं गाव मूल आणि सिंदेवाहीच्या मध्ये, धानाच्या बांधीत वसलेलं. आमच्या भागात लग्नात पोरीला जे देतात त्याला आंदण म्हणतात. पाणी भरायचा पितळेचा गुंड, कढई, भात शिजवायचा गंज, पलंग, रोख पैसे, ज्याची जशी ऐपत. मांडवात एक टेबल लागतं. टेबलाशी एक लिहिणारा बसतो आणि एक बोलणारा. प्रत्येकाचं नाव, गाव आणि वस्तू माईकवर बोलली जाते. यात दिखावा असतो, नाही म्हणत नाही. पण आज तुम्ही माझ्या पोरीला गुंड दिला की उद्या तुमच्या पोरीला मी द्यायचा असतो, आणि सगळ्यांच्या कानांदेखत बोललेलं असल्यामुळे दोघांनाही विसरायची सोय राहत नाही. लिहिणारा बहुतेक वेळा मी. बोलणारे नेहमी डोमाभाऊ. ते मला सेक्रेटरी म्हणत.

बारीक अंगाचा माणूस. पांढऱ्या शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. माईक बायकोच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून आणायचे, दूधपित्या पोराला आणावं तसा. आमच्याकडच्या बऱ्याच गड्यांसारखा त्यांच्याही गालात दिवसभर तंबाखू-सुपारीचा खर्रा असे. पण माईक हातात घ्यायच्या आधी ते मांडवाबाहेर जात, खर्रा थुंकत, तांब्याभर पाण्याने चूळ भरत आणि मगच पहिलं नाव घेत. एकदा घाई होती म्हणून मी म्हटलं, "राहू द्या न डोमाभाऊ, कोणाला दिसते?"

"उष्ट्या तोंडानं कोणाचं नाव घेऊ नाई, सेक्रेटरी," ते म्हणाले. "नाव त्याचं राह्यते, तोंड आपलं."

प्रत्येक नावाच्या शेवटी ते एकच शब्द म्हणत: पावलं. मिळालं नाही, जमा नाही. देव पावतो तसं पावलं. यमुना म्हातारी दरवेळी अकरा रुपये आणि सुपात तांदूळ घेऊन यायची, आणि डोमाभाऊंच्या तोंडून ते असं निघायचं: "श्रीमती यमुनाबाई, राहणार इथीच, नवरीच्या आजीच्या जिवाभावाच्या मैत्रीण, यांच्याकडून रोख अकरा रुपये, अन् आपल्या सोताच्या बांधीतले तांदूळ. पावलं." म्हातारी पदर सावरून अशी बसायची की जणू पलंग दिला.

गुरनुले म्हणून एक रस्त्याचे ठेकेदार होते. त्यांनी एका लग्नात पाच हजार दिले. नेमकी तेव्हाच मागे वरात वाजली आणि त्यांचं नाव कोणाला ऐकू गेलं नाही. त्यांनी माणूस पाठवला, पुन्हा एकदा बोला म्हणून. डोमाभाऊंनी पुढचं नाव घेतलं. मग ठेकेदार स्वतः आले.

"डोमा, पाच हजार दिले मी. कोणाले ऐकूच नाई आलं."

"नवरीनं ऐकलं न साहेब."

"एकदा अजून बोल म्हणतो. तुह्यं काय जाते?"

"दोनदा बोललो तं दोनदा द्या लागते," डोमाभाऊ म्हणाले, आणि माईक चालूच होता. तो भाग मात्र सगळ्यांना ऐकू गेला.

एरवी त्यांना कोणाला कमी-जास्त करण्यात रस नव्हता. माईकला हलकं-भारी समजत नाही, असं ते म्हणत. अकरा रुपये आणि पाच हजार एकाच पट्टीत, एकाच दमात. स्वतः डोमाभाऊ प्रत्येक लग्नात काहीतरी देत, पण ते बोलत नसत. मी विचारायचो, तुमचं काय लिहू? "माईकवाल्याचं नाव माईकवर येत नसते," हे ठरलेलं उत्तर.

घरीही त्यांची जीभ त्याच वळणावर चाले. त्यांच्या बायकोने, वत्सलाबाईंनी, चहा पुढे ठेवला की, "सौ. वत्सलाबाई यांच्याकडून एक कप चहा, साखर कमी. पावलं." वत्सलाबाई म्हणत, "घरात भोंगा लावू नको. बाहेरचा पुरे आहे." तरी मी त्यांना हसताना पाहिलं आहे.

आता प्रणालीची गोष्ट सांगतो, कारण डोमाभाऊ म्हटले की आमच्या गावाला तीच आठवते. काही भाग मी पाहिला, काही ऐकला. ऐकलेला तसाच सांगेन.

प्रणाली ही हरिदासभाऊ आणि शीलाबाईंची मोठी पोरगी. दीड एकर धान आणि बाकी मजुरी, असं घर. पोरगी ब्रह्मपुरीला नर्सिंग शिकत होती. हुशार आणि तोंडाची फटकळ. पण लहानपणापासून चार पावलं पळाली की धापा टाकायची. सगळे म्हणायचे, नाजूक आहे. कॉलेजातच तपासणी झाली, तिथून नागपूर, आणि कळलं की काळजाच्या पडद्याला जन्मापासून छिद्र आहे. डॉक्टरांनी सरळ सांगितलं. ऑपरेशन केलं तर ही चारचौघींसारखी जगेल. नाही केलं तर दर वर्षी थोडी थोडी खचत जाईल. पावसाळ्याच्या आत करून घ्या.

मुख्य ऑपरेशन सरकारी योजनेत बसलं. पण सगळंच त्यात बसत नाही. तपासण्या, रक्ताची सोय, योजनेबाहेरची औषधं, नागपूरला दोघांनी राहणं आणि नंतरचे महिने. हरिदासभाऊ माझ्या ओट्यावर बसले आणि आम्ही मिळून आकडा काढला. पासष्ट हजार. मी त्यात कुठे काही कमी होतं का ते दोनदा पाहिलं. होत नव्हतं. सोसायटीतून मी धानाला कर्ज देऊ शकत होतो, काळजाला देण्याची सोय नव्हती.

शेजारच्या बायकांनी वर्गणीचा डबा फिरवला. तो शीलाबाईंनी ज्याचा त्याला परत केला. गावात नाराजी झाली, गर्व म्हणाले लोक. मग एका दुपारी डोमाभाऊ त्यांच्या अंगणात जाऊन बसले. आकड्यांसाठी मला सोबत नेलं होतं.

"काऊन परत केले व शीलाबाई?"

शीलाबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर केली नाही. "माह्या बापाच्या पायाचं आपरेशन गावानं वर्गणी करून केलं होतं, डोमाभाऊ. बुढा चालाले लागला. मंग मरेपर्यंत त्यानं चौकात बिडी पेटवली तं कोणी ना कोणी म्हणे, आमच्या पैशाच्या पायानं चालून राह्यला अन् बिड्या फुकते. बुढ्यानं चौकात जाणंच सोडलं." मग सूप खाली ठेवलं. "पोरगी उद्या सासरी जाईन तं म्हणतीन, आमच्या वर्गणीचं काळीज घेऊन चालली. मले नाई पायजे."

हरिदासभाऊ खाली पाहत होते. प्रणाली खाटेवर बसून फोन पाहण्याचं सोंग करत होती. डोमाभाऊ बराच वेळ गालातला खर्रा इकडून तिकडे करत राहिले. मग उठले, कुंपणाशी जाऊन थुंकले, रांजणातून पाणी घेऊन चूळ भरली. मला वाटलं निघाले. पण ते परत येऊन बसले, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे आता बोलणार आहेत.

"वर्गणी नको घेऊ. आंदण घेशीन का?"

"आंदण लग्नात घेते."

"लग्न होईन का नाई हिचं?"

शीलाबाईंनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"होईन न? मंग झालं. सासरी न्याचं सामान आंदणात देते लोक. गुंड देते, पलंग देते. काळीजही सासरीच न्याचं आहे न? गुंडापेक्षा ते कामाचं आहे. लोक जे चार वर्षानं देतीन ते आत्ता देतीन. तू बी त्यांच्या पोरीले फेडशीन, रीतच आहे ते."

खाटेवरून प्रणाली म्हणाली, "डोमाकाका, नवरदेव नसताना आंदण?"

"नवरदेव मंग भेटते व. आधी सामान जमवा लागते."

शीलाबाई पहिल्यांदा हसल्या. हसता हसताच पदर डोळ्यांना गेला. त्यांनी दोन अटी घातल्या. सगळं माईकवर बोललं पाहिजे, लपूनछपून एक रुपया नको. आणि पोरीचं खरं लग्न होईल तेव्हा कोणाकडून दुसऱ्यांदा आंदण घेणार नाही.

"बरोबर आहे," मी म्हटलं. हिशोबाने तेच बरोबर होतं.

रविवार ठरला. धान निघून गेलं होतं, लोकांच्या हातात थोडा पैसा होता आणि लग्नसराई तोंडावर होती. डोमाभाऊंनी स्कूटरला भोंगा बांधला, मला मागे बसवलं आणि आम्ही आजूबाजूच्या गावांत आणि बाजारात फिरलो. उन्हाने डोकं तापलं होतं, पण तो आवाज असा निघत होता की बायका हातातलं काम टाकून दारात येत होत्या. "कुमारी प्रणाली हरिदास हिच्या आंदणाचा कार्यक्रम येत्या रविवारी..." पोरीचं आंदण म्हणजे काय, का, सगळं नीट सांगत होते. मी ऐकत होतो आणि मनात जमेचा अंदाज बांधत होतो. शेवटच्या गावातून निघताना कुठे माझ्या कानाने ते वाक्य पकडलं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"डोमाभाऊ, शेवटी काय बोलले?"

"काय बोललो?"

"तरी सहकुटुंब, सहपरिवार येऊन भोजनाचा लाभ घ्यावा."

त्यांनी स्कूटर थांबवली. "बोललो का मी?"

"बोलले."

"किती गावात?"

"सगळ्याच."

सगळी हयात लग्नाची बोलावणी करण्यात गेलेली जीभ. आंदण म्हटलं की शेपटासारखं भोजन मागून येणारच. मी म्हटलं, परत फिरून सांगू या की जेवण नाही. डोमाभाऊंनी मान हलवली. "माईकवर बोललेलं वापस घेता येत नाई, सेक्रेटरी. जेवाले या म्हणलं, आता येऊ नका कसं म्हणता?"

वत्सलाबाईंना हे सांगायची हिंमत त्यांनी रविवार सकाळपर्यंत केली नाही.

आणि रविवारी लोक आले. मी गावात एवढी माणसं पोळ्यालाही पाहिली नाहीत. मोटारसायकली, टेम्पो, दोन ट्रॅक्टर. नवी लुगडी नेसलेल्या बायका, तेल लावलेली पोरं, कडेवरची पोरं, सगळे सहकुटुंब आणि सहपरिवार. उन्ह चढत होतं, शाळेच्या पटांगणात चिचेच्या झाडाखाली माझं टेबल होतं, आणि जो येई तो आधी भोंग्याकडे, मग नाकाने हवेत भाजीचा वास शोधत चूल कुठे दिसते ते पाहत होता. चूल नव्हती.

साडेदहाच्या सुमारास एक जीप आली. शीलाबाईंचे भाऊ ईश्वरमामा एटापल्लीकडून सगळं घर भरून घेऊन आले होते. ते सूरजागडच्या रस्त्यावर ट्रक चालवतात. त्यांच्यापर्यंत निरोप तीन फोनांमधून गेला होता आणि जंगलात रेंज कमी, त्यामुळे तिकडे फक्त "पोरीचं आंदण" एवढंच पोचलं होतं. मामा जीपमधून उतरले तेव्हा खांद्यावर पितळेचा मोठा गुंड, गुंडाच्या तोंडाला नवं लाल फडकं बांधलेलं. डोक्यावर फेटा. मामी रागात होत्या की भाचीचं लग्न आणि आम्हाला आदल्या दिवशी कळते.

"भाटवे, नवरदेव कुठी आहे?" मामांनी आपल्या मेव्हण्याला, हरिदासभाऊंना, विचारलं.

"नवरदेव नाई."

"पळाला?"

हरिदासभाऊंनी पोरीकडे पाहिलं. प्रणालीच पुढे आली. "पळाला नाई मामा, अजून सापडला नाई. बसा, सांगतो." आणि तिने मामाला झाडाखाली बसवून स्वतःच्या काळजाचं चित्र वहीच्या कागदावर काढून दाखवलं. मामांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. पण गुंड परत जीपमध्ये नाही ठेवला. टेबलावर आणून ठेवला, माझ्यासमोर.

इकडे वत्सलाबाई डोमाभाऊंसमोर उभ्या होत्या. "एवढ्या लोकायले आता काय भोंगा शिजवून वाढू?"

"चूक झाली."

"चूक माहीत आहे मले. माईक दे."

त्यांनी माईक हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदा. "ज्याच्या घरी चूल आहे त्यानं एक पायली तांदूळ घेऊन येजा," त्या म्हणाल्या. "ज्याच्या वावरात वांगे आहे त्यानं वांगे. अन् ज्या बायका नुसत्या पाहून राह्यल्या त्यायनं हात धुवून इकडे येजा. मले सगळ्यायचे नाव माहीत आहे."

भांड्यांचा प्रश्न आला नाही, कारण आंदणात भांडीच भांडी आली होती. माझ्या यादीत लिहिलेल्या गंजात भात शिजला. लिहिलेल्या कढईत वांगे-आलू. मी एकेक वस्तू लिहायचो, डोमाभाऊ बोलायचे, "पावलं" म्हणेपर्यंत कोणी बाई येऊन ती उचलून चुलीकडे न्यायची. मी आयुष्यात इतक्या वेगाने माल जमा आणि खर्ची पडताना पाहिला नाही.

दुपारी पंगती उठू लागल्या तेव्हा मी रोख मोजली. पासष्टच्या जागी अडतीस हजारांच्या आसपास. बाकी समोर पितळ आणि स्टीलचा ढीग. मी कागद डोमाभाऊंपुढे सरकवला. त्यांनी पाहिला, ढिगाकडे पाहिलं, झाडाखाली खांबाला टेकून बसलेल्या प्रणालीकडे पाहिलं. वाढायला उठली होती आणि दोन ओळींत दम लागून बसली होती. ओठ निळसर दिसत होते. गर्दीतल्या बऱ्याच जणांनी ते पाहिलं असावं, कारण तिच्या भोवती बोलणं कमी झालं होतं.

डोमाभाऊ उठले, चूळ भरून आले.

"मंडळी, नागपूरचा डॉक्टर गुंड घेत नाई," ते माईकवर म्हणाले. "त्याले रोख लागते. आता ज्याच्या घरी बैसाखात लग्न आहे त्यायनं उभं राहा." बरेच लोक उभे राहिले. "तुमाले भांडे लागतेच. मूलच्या बाजारात जासाल, भाडं लागीन. इथीच घ्या. भातानं धुवून निघाले आहे, पाहून घ्या."

आणि लिलाव सुरू झाला. लोक हसत होते, बोली चढवत होते. जिने भात उकडला तीच बाई त्या गंजाची बोली लावत होती. मामांचा गुंड सगळ्यात मोठा. तो वासुदेवभाऊंनी तीन हजारांना घेतला, त्यांच्या पोरीचं लग्न महिन्यावर होतं. पैसे दिले, गुंड उचलला, दहा पावलं गेले. प्रणाली बसली होती त्या खांबापाशी थांबले. मग वळून परत आले आणि गुंड टेबलावर ठेवला.

"लिवा सेक्रेटरी. वासुदेव यांच्याकडून एक गुंड."

"हा तर तुम्ही आत्ता विकत घेतला."

"मंग माह्याच झाला न? माह्या गुंड मी कोणालेही दीन."

डोमाभाऊ मध्ये थांबले नाहीत. "वासुदेवभाऊ, राहणार टेकडीकडचा टोला, यांच्याकडून पितळेचा एक गुंड. पावला." आणि त्याच श्वासात, "गुंड विकणे आहे."

आता गर्दी उभी राहिली. पोरं झाडावर चढली. गुरनुले ठेकेदार मागे खुर्चीवर बसले होते. त्यांनी एकदम पाच हजार म्हटलं. पुढे कोणी बोललं नाही. ते टेबलापाशी आले, नोटा ठेवल्या, गुंडावर हात ठेवला आणि म्हणाले, "हा माह्याकडून आंदण. आता तं दोनदा बोलशीन, डोमा?"

"तुमचं दोनदाच झालं साहेब," डोमाभाऊ म्हणाले, "एकदा घेतला, एकदा देला." आणि खरंच दोनदा बोलले. टाळ्या वाजल्या. ठेकेदार लाल झाले, पण आनंदाने.

माझी लेखणी मात्र थांबली होती. एका गुंडाच्या तीन नोंदी. मामांचा, वासुदेवभाऊंचा, ठेकेदारांचा. मी हळूच म्हटलं, "डोमाभाऊ, एक वस्तू तीनदा जमा कशी लिहू? हिशोबात बसत नाही."

त्यांनी माईकवर हात ठेवला. "गुंड एक आहे, सेक्रेटरी. देणारे तीन आहे. तुम्ही गुंड लिहून राह्यले का देणारे?"

मी तिन्ही नावं लिहिली.

आकडा पासष्टच्या पुढे गेला तेव्हा मी तो कागदावर गोल करून त्यांना दाखवला. त्यांनी तो माईकवर सांगितला नाही. नुसतं म्हणाले, "मंडळी, पावलं." मग कोणीतरी ढोल आणला. बायका नाचल्या. नवरदेवाशिवाय, वरातीशिवाय, भर उन्हात. ईश्वरमामांनी फेटा पुन्हा बांधला आणि मधोमध नाचले.

संध्याकाळी पटांगण रिकामं झालं. गुंड अजून टेबलावर होता, ठेकेदार देऊन निघून गेले होते. मी तो पुन्हा विकायचा का म्हणून विचारणार होतो. डोमाभाऊंनी शर्टाच्या आतल्या खिशातून नोटा काढल्या, माझ्या पेटीत टाकल्या, गुंड उचलला आणि शीलाबाईंच्या दारात नेऊन ठेवला. माईक तेव्हा गुंडाळलेला होता, आणि झाडाखालून प्रणाली पाहत होती. तुमचं काय लिहू, हे मी विचारलं नाही, कारण उत्तर माहीत होतं.

ऑपरेशनच्या दिवशी ते हरिदासभाऊंसोबत नागपूरला होते. मी सोसायटीत होतो. दुपारी फोन वाजला. पलीकडून आवाज इतका बारीक की आधी मला ओळखूच आला नाही. दवाखान्याच्या भिंतीवर शांतता राखा लिहिलेलं होतं म्हणे, आणि डोमाभाऊ लिहिलेलं मानत. "सेक्रेटरी," ते कुजबुजले. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. "पावलं."

मी धावत त्यांच्या घरी गेलो. वत्सलाबाईंनी ऐकलं आणि माईक काढून लावला, घरात, जिथे त्यांनी तो कधी लावू दिला नव्हता. "प्रणालीचं झालं व बायांनो," एवढंच त्या बोलल्या. मग बंद करायला विसरल्या, आणि दुधात तोंड घालणाऱ्या मांजरीला त्यांनी काय काय म्हटलं ते सगळ्या गावाने ऐकलं.

प्रणाली शिकली, ब्रह्मपुरीला दवाखान्यात लागली. काही वर्षांनी राजुऱ्याच्या एका पोराशी तिचं ठरलं. वरपक्षाने डीजे आणला होता, पण शीलाबाई म्हणाल्या, आमच्या बाजूला भोंगा लागेल. त्याच शाळेच्या पटांगणात मांडव पडला, आणि मांडवाच्या दारात त्या स्वतः उभ्या. कोणी भांडं घेऊन आलं की, "आंदण झालं आहे भाऊ, जेवून जा," आणि भांडं त्याच्याच हातात परत. मांडवात एकच वस्तू ठेवली होती. घासूनपुसून चकचकीत केलेला गुंड.

डोमाभाऊंनी जुनी सगळी नावं पुन्हा बोलायला घेतली. मी यादी पुढे केली, त्यांनी पाहिली नाही. अमुक यांच्याकडून कढई, पावलेली आहे. यमुनाबाई, अकरा रुपये अन् तांदूळ, पावलेलं आहे. म्हातारी तेव्हा हयात नव्हती, तिची नात उभी राहिली. मी यादीवर बोट ठेवून ऐकत होतो. एकदोन नावं मागेपुढे झाली, सुटलं एकही नाही. ईश्वरमामा, वासुदेवभाऊ, ठेकेदार. गुंड, गुंड, गुंड. लोक हसत होते.

तेवढ्यात भोंगा खरखरला. वर चिचेच्या फांदीवर तार सैल झाली होती. डोमाभाऊंनी माईक टेबलावर ठेवला आणि या वयात शिडीवर चढले. दोन पोरांनी खालून शिडी धरली.

त्यांच्यात नवरी नेसते तशा पांढऱ्या साडीतली प्रणाली स्टेजवरून उतरून टेबलापाशी आली. तिने तांब्यातून पाणी घेतलं, बाजूला होऊन चूळ भरली, पदराने तोंड पुसलं. मग माईक उचलला.

"डोमाजी शेंडे," ती म्हणाली. "राहणार इथीच. यांच्याकडून पितळेचा एक गुंड." तिने वर फांदीकडे पाहिलं. "पावला."

मी वर पाहिलं. डोमाभाऊंचं डोकं अगदी भोंग्याच्या तोंडाशी होतं, एक हात तारेवर, एक हात फांदीवर. त्यांचंच नाव त्यांच्याच भोंग्यातून त्यांच्या तोंडावर येऊन आदळलं होतं. खाली उतरून थांबवायला वेळ नव्हता. सगळा मांडव त्यांच्याकडे पाहत होता. त्यांनी तार सोडली नाही. एकदा खाकरले, आणि माईकशिवाय, वरूनच, आम्हाला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाले,

"आवाज बराबर येऊन राह्यला."